वस्तुसंग्रहालयांतील वस्तूचें वाचन

पोथी हातीं आली असतां जाणता संग्राहक प्रथम तिचें शेवटचें पत्र पाहतो. ग्रंथ कोणता हें आरंभींच्या मंगलावरून बहुधा कळतें. परंतु तो कोणीं लिहिला, कोणासाठीं लिहिला, कोणत्या शकांत व कोणत्या गांवीं लिहिला, हें पुष्पिकेवांचून कळत नाहीं. पुष्पिकेचें पान गळालेली पोथी निरुपयोगी होते असें नव्हे. पण तिच्या देशकालाविषयीं पुढें जें जें म्हणावयाचें तें सर्व ‘असावें’ या क्रियापदानें संपतें. वस्तुसंग्रहालयांत मांडलेल्या वस्तूंची स्थिति बहुशः अशीच असते. मूर्ति, शस्त्र, नाणें, भांडें, कोणतीहि वस्तु घ्यावी. ती जेथें सांपडली तें ठिकाण, जिच्यासह सांपडली ती संगत, आणि ज्या मार्गानें ती संग्रहालयांत आली तो मार्ग, हीं तिन्ही मिळून त्या वस्तूची पुष्पिका होते.

प्रस्तुत लेखांत दोन गोष्टी मांडावयाच्या आहेत. पहिली ही कीं, संग्रहालय पाहण्याचें फळ पाहिलेल्या वस्तूंच्या संख्येवर अवलंबून नसून विचारलेल्या प्रश्नांवर अवलंबून असतें. यास्तव थोड्या वस्तू घेऊन त्या पोथीप्रमाणें वाचाव्या. दुसरी ही कीं, असें वाचन करूं लागलें म्हणजे कोणत्या वस्तूची पुष्पिका कोठें गळाली हें दिसूं लागतें. आणि ती गळण्याचा दोष जितका संग्रहालयांकडे जातो तितकाच, किंबहुना अधिक, संग्राहकवर्गाकडे जातो.

१. संग्रहालय पाहून आलेल्या गृहस्थास ‘काय पाहिलें?’ असें विचारल्यास तो बहुधा मजल्यांची व दालनांची संख्या सांगतो. देवळांतील प्रदक्षिणेप्रमाणें सर्व दालनांतून एक फेरा पुरा झाला म्हणजे कर्तव्य झालें, अशी समजूत रूढ आहे. अध्यापकाच्या व्यवसायांत असतांना विद्यार्थ्यांच्या सहलींबरोबर मी अनेक वेळां संग्रहालयांत गेलों. मुलांच्या हातीं वह्या असत, आणि तीं वस्तूकडे पाठ करून तिच्या पाटीवरील मजकूर उतरून घेत. मोठ्यांची रीत याहून फारशी निराळी नाहीं. वहीच्या जागीं आतां मोबाइलचा कॅमेरा आला आहे, एवढाच भेद. वस्तूचें छायाचित्र घ्यावयाचें, पाटीचें घ्यावयाचें आणि पुढें सरकावयाचें. यांत पाहणें नाहीं, नोंदणें आहे. आणि ती नोंदहि पुन्हां कोणी उघडीत नाहीं.

यासंबंधीं मुंबईच्या संग्रहालयांतीलच एक शिलाखंड आपणांस मार्ग दाखवितो. सोपारा येथें इ. स. १८८२ मध्यें पंडित भगवानलाल इंद्रजी यांस अशोकाच्या आठव्या शासनाचा एक तुकडा मिळाला; तो हल्लीं छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत (म्हणजे १९२२ सालीं लोकांस खुल्या झालेल्या पूर्वीच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्यें) आहे. या शासनाचा विषय यात्रा हाच आहे. पूर्वीचे राजे विहारयात्रेस निघत. तींत मृगया व तत्सम करमणुकी असत. अशोकानें अभिषेकास दहा वर्षें झाल्यावर संबोधीस जाऊन धर्मयात्रा सुरू केली. तींत श्रमण-ब्राह्मणांचें व वृद्धांचें दर्शन, दान, जानपद लोकांची भेट, धर्माचा उपदेश आणि धर्माविषयीं परिपृच्छा, अशीं अंगें सांगितलीं आहेत. यांतील परिपृच्छा, म्हणजे प्रश्न विचारणें, हेंच अंग आपल्या संग्रहालययात्रेंतून गळालें आहे. दर्शन होतें, प्रश्न होत नाहीं. म्हणून धर्मयात्रेची विहारयात्रा होते.

२. प्रश्न विचारावयाचे ते कोणत्या क्रमानें? नैयायिकांनीं प्रत्यक्ष, अनुमान, उपमान व शब्द अशीं चार प्रमाणें मानिलीं आहेत. शास्त्रांतील पारिभाषिक काटेकोरपणा क्षणभर बाजूस ठेवून तींच येथें घेतलीं तरी चालेल. डोळ्यांनीं दिसतें तें प्रत्यक्ष. दिसलेल्या चिन्हांवरून न दिसलेल्याचा तर्क तें अनुमान. ज्ञात वस्तूच्या सादृश्यानें अज्ञात वस्तु ओळखणें तें उपमान. आणि पाटी, सूची, मार्गदर्शक यांचें सांगणें तें शब्दप्रमाण. आपली चूक अशी होते कीं, आपण शेवटच्यापासून आरंभ करितों. पाटी आधीं वाचली म्हणजे डोळे पाटीनें सांगितलेलें तेवढेंच पाहतात. शब्दप्रमाण त्याज्य नाहीं. पण तें आप्ताचें वचन असेल तरच प्रमाण, आणि आप्त कोण हें ठरविण्यास स्वतःच्या डोळ्यांची साक्ष आधीं हातीं असावी लागते.

यासाठीं व्यवहारांत पुढील रीत उपयोगी पडते. घरून निघतांना एकच प्रश्न ठरवून निघावें: जसें, दख्खनेंतील धातुकाम, किंवा लेखनाचीं साधनें, किंवा एका नदीच्या खोऱ्यांतील अवशेष. पहिला फेरा न थांबतां करावा आणि त्या प्रश्नाशीं संबद्ध अशा चार-पांच वस्तू हेरून ठेवाव्या. दुसऱ्या फेऱ्यांत प्रत्येक वस्तूपाशीं निदान पाव घटका उभें राहावें, शिसपेनीनें तिचें ओबडधोबड रेखाटन करावें, आणि त्यानंतरच पाटी वाचावी. चित्र सुंदर यावें हा हेतु नाहीं. हाताला रेघ ओढावयाची असली म्हणजे डोळ्याला सांधा, झीज, तुटलेली कड, हत्याराचे ठसे दिसूं लागतात. सरतेशेवटीं पाटीवरील नोंदणीक्रमांक टिपून घ्यावा. प्रेक्षक त्यास निरर्थक आंकडा समजतात. वस्तुतः संग्रहालयाच्या नोंदवहींत शिरण्याची तीच किल्ली होय. पत्रानें विचारणा करावयाची झाल्यास ‘दुसऱ्या दालनांतील ती काळी मूर्ति’ असें लिहिल्यानें कार्य होत नाहीं, क्रमांकानें होतें.

३. प्रत्यक्षाचें उदाहरण म्हणून दायमाबादच्या कांस्यवस्तू घेऊं. प्रवरेच्या तीरावरील या गांवीं १९७४ सालीं एका शेतकऱ्यास खोदतांना चार वस्तू सांपडल्या: बैल जुंपलेला रथ, रेडा, हत्ती आणि गेंडा. चोहोंचें मिळून वजन साठ किलोंहून अधिक भरतें. रथ दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयांत गेला व तीन पशु मुंबईस आहेत. मुंबईच्या दालनांत त्यांच्यापुढें उभें राहून पाटी न वाचतां पाहावें. रेडा चौथऱ्यावर उभा असून चौथऱ्यास चार भरीव चाकें आहेत. गेंड्याच्या पायांखालीं चौथरा नसून दोन आडव्या दांड्या आहेत, व त्यांसहि चाकें आहेत. हत्तीचा चौथरा रेड्याच्या चौथऱ्यासारखा, पण चाकें नाहींत. दोन्ही चौथरे ताडून पाहिले कीं हत्तीसहि चाकें होतीं व तीं पुढें हरपलीं हें मनांत येतेंच. मग पुढचे प्रश्न आपोआप उठतात. इतक्या जड वस्तू खेळणीं म्हणून ओतल्या जातील काय? त्या ओढावयाच्या तर कोणत्या प्रसंगीं? हे प्रश्न पाटी सांगत नाहीं, चाकें सांगतात.

आतां या वस्तूंची पुष्पिका पाहूं. दायमाबाद येथें १९५८-५९ मध्यें म. न. देशपांडे यांनीं, पुढें शि. रं. राव यांनीं व १९७५ ते १९७९ या काळांत साळी यांनीं उत्खनन केलें. परंतु या चार वस्तू उत्खनकाच्या कुदळीखालीं, थरांची नोंद होत असतांना निघालेल्या नाहींत. त्या यदृच्छेनें वर आल्या. परिणाम असा झाला कीं, देशपांडे, राव, साळी, ढवळीकर प्रभृति विद्वानांनीं त्या उत्तर-हडप्पा काळाच्या ठरविल्या, तर अग्रवाल यांनीं धातूचें पृथक्करण पुढें करून शंका काढली कीं, यांत सोमलाचें प्रमाण एक टक्क्याहून अधिक आहे, ताम्रपाषाणयुगांतील अन्य वस्तूंत तसें मिश्रण आढळत नाहीं, तेव्हां या वस्तू ऐतिहासिक काळांतल्याहि असूं शकतील. दोन मतांत अंतर थोडेंथोडकें नव्हे, हजार वर्षांहून अधिक पडतें. वस्तु तीच, ती पाहणारे सर्व जाणते. उणीव एका पानाची आहे. थराची नोंद असती तर एवढा वाद माजता ना.

४. अनुमानाचें उदाहरण सोपाऱ्याचा उपरोक्त तुकडाच देतो. त्यावर मूळ शासनाचा कांहीं अंशच उरला आहे. तरी गिरनार, कालसी, शाहबाजगढी इत्यादि ठिकाणच्या प्रतींशीं ताडून विद्वानांनीं त्याची ओळख पटविली. हें काम पोथ्यांचे पाठ ताडणाऱ्यास परिचितच आहे. पुढें १९५६ सालीं सोपाऱ्याजवळच भुईगांव येथें नवव्या शासनाचा तुकडा मिळाला. एका तुकड्यावरून, येथें केवळ एक लेख नव्हता तर चौदा शासनांची मालिका असावी, असें जें अनुमान होतें त्यास दुसऱ्यानें बळकटी आली. येथें शूर्पारकासारखें बंदर अशोकाच्या शासनाखालीं होतें हा निष्कर्ष दगडाच्या अक्षरांइतकाच दगडाच्या ठिकाणावर अवलंबून आहे, हें विसरूं नये. तोच तुकडा एखाद्या व्यापाऱ्याच्या दुकानांतून, गांवाच्या नांवावांचून विकत घेतला असता, तर आठव्या शासनाच्या पाठांत आणखी एका खंडित प्रतीची भर पडली असती. कोंकणच्या इतिहासांत कांहींच पडली नसती.

सोपाऱ्याविषयीं आणखी एक गोष्ट. त्याच सालीं, १८८२ मध्यें, तेथील बुरुड राजाचा कोट या नांवाच्या टेकाडांत भगवानलालांनीं स्तूप उघडला. त्यांतील दगडी करंडक, बुद्धांच्या लहान मूर्ति, सोन्याचीं फुलें आदि वस्तू मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेल्या. अर्थात् लेख एका घरीं व अवशेष दुसऱ्या घरीं. प्रेक्षकानें एके दिवशीं संग्रहालय पाहिलें, सोसायटीच्या संग्रहाची माहिती मिळविली, आणि दुसऱ्या दिवशीं सोपाऱ्यास जाऊन स्तूपाची जागा पाहिली, तरच तें प्रकरण पुरें वाचून होतें. नालासोपारा स्थानकापासून ही जागा दूर नाहीं. तरी शिलाखंड पाहणाऱ्या शंभरांतील एकहि तेथवर जात असेल असें वाटत नाहीं.

५. उपमानासाठीं चित्रित पोथ्यांचें एक उदाहरण पुरे. मुंबईच्या एशियाटिक सोसायटींत महाभारताच्या आरण्यकपर्वाची एक सचित्र प्रत आहे. तिची पुष्पिका शाबूत असल्यानें ती विक्रम संवत् १५७३, म्हणजे इ. स. १५१६ मध्यें, सुलतान सिकंदर लोदीच्या राज्यांत लिहिली गेली हें निश्चित कळतें. उलट, अहमदाबादच्या नानालाल चमनलाल मेहता संग्रहांतील चौरपंचाशिकेचीं प्रसिद्ध चित्रपत्रें, चित्रकलेच्या दृष्टीनें कितीतरी सरस असूनहि, कालनिर्देशावांचून आहेत. आरण्यकपर्वाची प्रत कार्ल खंडालावाला व मोतीचंद्र यांनीं १९७४ सालीं ग्रंथरूपानें पुढें आणिली. या शैलींतील अन्य पोथ्यांच्या काळाचा विचार करणारास तिच्याकडे यावेंच लागतें. चित्रांत कमी मोलाची प्रत प्रमाणांत अधिक मोलाची ठरली, आणि तें केवळ शेवटच्या पानानें. सुंदर चित्रापुढें थांबणारा व साध्या चित्राला वळसा घालणारा प्रेक्षक काय गमावतो हें यावरून ध्यानीं येईल.

पोथ्यांच्या मांडणीविषयीं येथेंच लिहितों. काचेच्या पेटींतील पोथीचें एकच पान उघडें असतें व पाटीवर ग्रंथाचें नांव, ‘कागद’ हा शब्द आणि एक शतक एवढाच मजकूर असतो. पत्रसंख्या किती, पूर्ण कीं त्रुटित, लेखक कोण, समासांत टीपा आहेत काय, हरताळानें अक्षरें कोठें झांकलीं आहेत, यांपैकीं कांहींच कळत नाहीं. ‘हरताळ फासणें’ हा वाक्प्रचार आपण नित्य वापरतों. पण तो ज्या लेखनक्रियेंतून निघाला ती प्रत्यक्ष दाखविण्याची संधि प्रत्येक संग्रहालयाच्या हातीं असूनहि पिवळ्या डागाचें पान मुद्दाम उघडें ठेविलेलें क्वचितच आढळतें. पोथीच्या लांकडी फळ्या, तिचें बासन, बांधण्याचा दोरा हीं बहुधा कोठारांत निराळीं पडलेलीं असतात.

मात्र एका तक्रारीचें निवारण करणें न्याय्य होईल. पोथ्यांच्या व चित्रांच्या दालनांत उजेड अंधुक असतो म्हणून पुष्कळ लोक संग्रहालयाच्या चालकांस नांवें ठेवितात. कागद, रंग व वस्त्र यांवर प्रकाशाचा होणारा परिणाम पुन्हां भरून येत नाहीं; म्हणून अशा वस्तूंवर सुमारें ५० लक्सहून अधिक प्रकाश पडूं देऊं नये असा संकेत जगभर पाळिला जातो. याच कारणें पानें वेळोवेळीं बदलावीं लागतात. दालनांत शिरल्यावर डोळे सरावेपर्यंत थोडें थांबावें, एवढाच यावर उपाय.

६. आतां शब्दप्रमाण. पाटी हीहि एक साधन आहे. तिचीहि परीक्षा इतर साधनांप्रमाणेंच झाली पाहिजे. याचें उत्तम उदाहरण लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयांतील वाघनख होय. हें जुलै १९२४ नव्हे, तर शंभर वर्षांनीं, जुलै २०२४ मध्यें, उसनवारीनें महाराष्ट्रांत आलें व प्रथम सातारच्या संग्रहालयांत मांडलें गेलें. त्या वेळीं त्यावर वर्तमानपत्रांतून मोठा वाद झाला. वादांत वस्तु थोड्यांनीं पाहिली व पेटीवरचा लेख त्याहून थोड्यांनीं वाचला.

वस्तु पोलादाची, एका आडव्या पट्टीस चार नखें, आणि दोन टोकांस दोन वळीं. पहिलें व चौथें बोट वळ्यांत घातलें म्हणजे वरून केवळ दोन अंगठ्या दिसाव्या व नखें मुठींत लपावीं अशी तिची घडण आहे. हें झालें प्रत्यक्ष. तिच्यासोबतच्या पेटीवर जो इंग्रजी लेख आहे त्याचा आशय असा: या वाघनखानें शिवाजीनें मोंगल सेनापतीस मारिलें, आणि ग्रँट डफ सातारा येथें रेसिडेंट असतांना पेशव्याच्या मुख्य प्रधानानें तें त्यांस दिलें. आतां या वाक्यांची परीक्षा करूं. अफजलखान मोंगलांचा सेनापति नव्हता, विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार होता. पेशवा हाच छत्रपतींचा मुख्य प्रधान. तेव्हां पेशव्याचा मुख्य प्रधान म्हणजे कोण? कोणी कारभारी अभिप्रेत असल्यास त्याचें नांव नाहीं. ग्रँट डफ साताऱ्यास नेमले गेले ते १८१८ सालीं, म्हणजे पेशवाई संपली तेव्हां. अफजलखानाचा प्रसंग १० नोव्हेंबर १६५९ चा. दोहोंमध्यें १५९ वर्षें जातात, आणि या अवधींत हें शस्त्र कोणत्या जामदारखान्यांत, कोणाच्या ताब्यांत होतें, याविषयीं लेख मुका आहे.

यावरून निष्पन्न इतकेंच होतें कीं, पेटीवरील लेख हा एकोणिसाव्या शतकांतील एका ब्रिटिश कुटुंबांत चालत आलेल्या परंपरेचा पुरावा आहे. सतराव्या शतकांतील घटनेचा नाहीं. लंडनच्या संग्रहालयानेंहि, हेंच तें शस्त्र असें सिद्ध करितां येत नाहीं, असें आपल्या नोंदींत स्वच्छ लिहिलें आहे. वाघनखापुढें हात जोडणाऱ्याची श्रद्धा ही निराळी गोष्ट आहे. ती महाराजांवरील भक्तीची आहे, पोलादाच्या तुकड्याची नव्हे, आणि तिला प्रमाणाची गरजहि नाहीं. परंतु जो इतिहासाचा अभ्यासक म्हणून तेथें जातो त्यानें ‘सिद्ध’ आणि ‘परंपरेनें सांगितलेलें’ यांतील भेद पाटीवर मागितला पाहिजे. खरी पाटी ती, जी वस्तु काय आहे, कोठून आली, काळ कशावरून ठरविला आणि काय निश्चित नाहीं, या चार गोष्टी सांगते. चौथी गोष्ट सांगण्यानें संग्रहालयाची प्रतिष्ठा कमी होत नाहीं. शंका मान्य करणाऱ्याचें निश्चित विधान अधिक विश्वासार्ह वाटतें.

७. वाक्याचा अर्थ लागण्यास आकांक्षा, योग्यता व संनिधि लागतात असें आपले शास्त्रकार सांगतात. पदें दूरदूर उच्चारलीं तर वाक्य होत नाहीं. वस्तूंचेंहि तसेंच आहे. कोल्हापुरास ब्रह्मपुरीच्या टेकाडांत १९४४-४५ च्या सुमारास कांस्यवस्तूंचा जो संच सांपडला त्यांत पोसायडन या समुद्रदेवाची लहानशी मूर्ति होती. ती टाउन हॉलमधील संग्रहालयांत आहे. ही मूर्ति एकटीच एखाद्या युरोपीय बाजारांत आली असती तर रोमन कारागिरीचा एक मध्यम नमुना म्हणून खपून गेली असती. ती पंचगंगेच्या कांठीं, दुसऱ्या परदेशी व देशी भांड्यांसह निघाली, आणि लगोलग १९४५-४६ मध्यें सांकळिया व मोरेश्वर दीक्षित यांनीं त्याच टेकाडाचें शास्त्रशुद्ध उत्खनन केलें; म्हणून ती दख्खन व रोमन जग यांच्या व्यापाराची साक्षीदार झाली. दायमाबादेस संनिधि तुटला म्हणून वाद झाला. येथें तो बऱ्याच अंशीं टिकला म्हणून अर्थ लागला.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयांत हाच प्रश्न निराळ्या रूपानें उभा राहतो. ‘अज्ञातवासी’ या नांवानें कविता लिहिणाऱ्या दिनकर गंगाधर केळकरांनीं एका जन्मांत २०,००० हून अधिक वस्तू जमविल्या, आणि अकालीं गेलेल्या आपल्या पुत्राचें नांव संग्रहास दिलें. दिवे, अडकित्ते, वज्र्या, दौती, करंडे, वाद्यें अशा नित्याच्या वस्तूंस संग्रहालयांत मानाचें स्थान देणारा असा संग्राहक विरळा. तरीहि अडकित्त्यांच्या रांगेपुढें उभें राहिलें असतां प्रेक्षकास अडकित्त्याचे प्रकार कळतात, पानदानाभोवतीं बसलेलें घर कळत नाहीं. प्रकारवार मांडणीचा हा अंगभूत दोष आहे. तुलनेस ती सोयीची, अर्थास अपुरी. प्रेक्षकानें ही उणीव स्वतः भरून काढावी: अडकित्ता पाहिल्यावर त्याच घरांत असणारें पानदान, चुन्याची डबी, पिकदाणी हीं कोणत्या दालनांत आहेत तें शोधावें, आणि मनांत तीं एकत्र मांडावीं. याच संग्रहालयांत कोथरूडहून आणून उभारलेला मस्तानी महाल आहे. तेथें वस्तूसभोंवार तिचें घर असणें म्हणजे काय, याची थोडी कल्पना येते.

८. यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा कीं, सामान्य मनुष्य संग्रहालयांत आनंदासाठीं जातो. त्याच्या मागें प्रमाणांचें लचांड कां लावावें? याचें उत्तर असें कीं, या रीतीनें आनंद घटत नाहीं. रेड्याचीं चाकें स्वतःच्या डोळ्यांनीं शोधणाऱ्या मुलास जो आनंद होतो तो पाटी उतरून घेणाऱ्यास होत नाहीं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. वस्तु मूळ ठिकाणाहून हलविली नसती तर ती उरलीच नसती, असें म्हणतात. आणि अमरावतीच्या स्तूपाचे किती शिलापट चुन्याच्या भट्ट्यांत गेले हें आठवलें म्हणजे त्यास नाहीं म्हणतां येत नाहीं. परंतु हलविणें व नोंद न करणें या दोन भिन्न क्रिया आहेत. पहिली कित्येकदां अपरिहार्य असते. दुसरीस कोणतीच सबब नाहीं.

म्हणून शेवटीं या त्रैमासिकाच्या वाचकांस, ज्यांच्या घरीं पोथ्या, नाणीं व जुनीं दप्तरें आहेत, कांहीं विनंति करावयाची आहे. पुरावस्तु व कलानिधि अधिनियम, १९७२ यानें शंभर वर्षांहून जुन्या वस्तू व ऐतिहासिक, वाङ्मयीन वा शास्त्रीय महत्त्वाचीं पंचाहत्तर वर्षांहून जुनीं हस्तलिखितें ‘पुरावस्तु’ ठरविलीं आहेत. कायद्यानें नेमलेली नोंदणी करावीच. पण कायदा वस्तूची ओळख मागतो, तिची पुष्पिका तोच जपील असें नाहीं. ती जपण्याचें काम ज्याच्या हातून वस्तु पुढें जाते त्याचें. सचित्र पोथीचीं पानें सुटीं करून विकणें हें तर पुस्तकाची हत्या करण्यासारखें आहे. पान भिंतीवर शोभतें, पण त्याचा ग्रंथाशीं व शेवटच्या पुष्पिकेशीं संबंध कायमचा तुटतो. आणि विकत घेणारा नसेल तर फाडणाराहि उरणार नाहीं.

पोथी वा वस्तु संग्रहालयास देतांना तिच्यासह एक कागद द्यावा. त्यावर ती कोणत्या गांवाहून व कोणत्या घराण्याकडून आली, तिच्याबरोबर त्याच पेटींत वा रुमालांत आणखी काय होतें, आपल्या हातीं ती कोणत्या सालीं आली, आणि आपण तिची काय डागडुजी केली, एवढें लिहावें. घराण्याचें नांव उघड होऊं नये अशी इच्छा असल्यास तसें नमूद करून पाकीट बंद द्यावें. फळ्या, दोरा व बासन वेगळीं करूं नयेत. ज्यांचा संग्रह देण्याचा विचार तूर्त नाहीं त्यांनींहि हा कागद आजच लिहून पोथीच्या बासनांत ठेवावा. कारण जें संग्राहकास तोंडपाठ असतें तें त्याच्या मुलांस ठाऊक असतेंच असें नाहीं. आणि पुढच्या खेपेस आपण संग्रहालयांत जाल तेव्हां निवडलेल्या वस्तूच्या पाटीवर ठिकाण लिहिलेलें नसल्यास नोंदणीक्रमांक टिपून चालकांस पत्र लिहावें. नोंदवहींत तें बहुधा असतें. पाटीवर आणण्यास कोणी तरी विचारावें लागतें.